मशीन उशिरा सुरू होण्याचं कारण

११ एप्रिल १९८८, सोमवार

आज ओमप्रकाश शेठने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मला मशीन चालू करायला लावली. चार मिनिटं दहा सेकंद. तेवढा वेळ आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे पाहत बसलो. बाहेर अमरावती रोडवर आमचे सात ट्रक उभे होते आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकावून राहिले होते, कारण बिल्टी निघाल्याशिवाय गाडी हलत नाही. कोणाचा माल, किती नग, कुठं उतरवायचा, सगळं त्या बिल्टीवर असतं.

"बडे बाबू, ये कॉम्प्युटर है या बैलगाडी?" शेठ म्हणाले. ड्रायव्हर हसले. मीही हसलो, आणि आपण हसलो याचीच नंतर जास्त लाज वाटली.

सव्वीस वर्षं नागपूरजवळच्या वाडीच्या या ट्रान्सपोर्टात मी हातानं बिल्ट्या लिहिल्या. देवराव ढोकच्या हातून एक नग इकडचा तिकडे झाला नाही, हे गोदामातला हमालही सांगेल. जानेवारीत कॉम्प्युटर आला तेव्हा मिनिटभरात सुरू होत होता. तीन महिन्यांत त्याला काय झालं ते कोणाला कळेना. शेठने काम माझ्यावरच टाकलं. "आपने तो ट्रेनिंग लिया है," म्हणे.

घेतलं आहे. आठ दिवस सीताबर्डीला जात होतो. त्यातलं किती समजलं ते फक्त या वहीत लिहितो. फाइलची कॉपी करायला शिकलो. बाकीचे सात दिवस मान हलवली.

१३ एप्रिल, बुधवार

मशीनच्या मागे धूळ फार होती. फडक्यानं पुसली. चार मिनिटं पंधरा सेकंद.

मशीनवर बसते ती शामला रामटेके. चोवीस वर्षांची, बी.कॉम. झालेली, इंदोऱ्याहून दोन बसा बदलून येते आणि तरी माझ्याआधी हजर असते. ट्रेनिंगला आम्ही दोघं सोबत होतो. मी मान हलवत होतो तेव्हा ती लिहून घेत होती. सध्या टेम्पररी आहे. एक जुलैला पक्की करायची की नाही ते शेठ ठरवतील, पण शेरा माझा लागतो. मुलगी शांत आहे. पिण्याचं पाणीसुद्धा घरून बाटलीत आणते, ऑफिसच्या माठाला हात लावत नाही. का ते मी कधी विचारलं नाही. उद्या जयंतीची रजा घेतली आहे.

ती संध्याकाळी गेल्यावर दिवसभराची फाइल मी स्वतः जपून ठेवतो. हे काम कोणावर सोडत नाही. बिल्टीची आमची रीतच आहे, एक प्रत पार्टीला, एक ड्रायव्हरला, एक माल उतरतो त्या ठिकाणी आणि एक ऑफिसात स्थळप्रत. मशीनमध्ये कागद नाही म्हणून काय रीत सोडायची? रोजच्या फाइलच्या तीन कॉप्या काढून मी मशीनमध्येच ठेवतो. नावापुढे ए, बी, सी लावतो. मग रजिस्टरवर लाल शाईनं लिहितो, 'प्रती काढल्या.' अकरा जानेवारीपासून एक दिवस चुकलो नाही. त्या मशीनसमोर बसून मी एवढं एकच काम ताठ मानेनं करतो.

२ मे, सोमवार

पाच मिनिटं वीस सेकंद. आणि आज लाइट चार वेळा गेली. लाइट गेली की मशीन बंद, आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणजे पाच मिनिटं चार वेळा. उन्हात ट्रक तापून राहिले, ड्रायव्हर शिव्या देऊन राहिले, त्याही माझ्याच नावानं.

मी शेठला सांगितलं की मशीनला गरमी सहन होत नाही. शेठने आपल्या केबिनमधला कूलर काढून मशीनपाशी लावला. शेठ घामाघूम आणि मशीन खसच्या वाऱ्यात. पाच मिनिटं वीस सेकंद. कूलर परत न्या, असं सांगायचं मला धाडस झालं नाही.

दुपारी शामला म्हणाली, "काका, एक सांगू का? सुरू होताना हा प्रोग्राम आतल्या सगळ्या फायली उघडून पाहते. म्हणून जेवढ्या फायली..."

मी म्हणालो, "पाहीनच ना. पाह्यल्याबिगर त्याले कसं समजन?" ती परत टाइप करायला लागली. रुपराव, आमचा गोदामवाला, तिथं उभा होता. त्याच्यासमोर मला एखाद्या पोरीनं शिकवावं हे बरं दिसलं नसतं.

२० मे, शुक्रवार

साडेसहा मिनिटं. मी स्टॅबिलायझर बदलून घेतला. साडेसहा मिनिटं.

शेठ जरीपटक्याहून त्यांच्या मेहुण्याला मशीन दाखवायला घेऊन आले. मेहुण्यानं काहीतरी विचारलं, मी उत्तर शोधेपर्यंत शामलानं दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तिनंच दिलं. शेठ खूश होऊन म्हणाले, "बाई को सब आता है. बडे बाबू, अब आपको आराम चाहिये." प्रेमानंच म्हणाले. घरी आलो तर जेवण गेलं नाही. बायकोनं, इंदूबाईनं, विचारलं, काय झालं? ऊन लागलं म्हणालो.

आराम. चौपन्न वर्षांच्या माणसाला आराम म्हणजे काय ते मला समजतं.

२१ जून, मंगळवार

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

काल मशीन सुरू व्हायला साडेनऊ मिनिटं लागली होती. आज जेवणाच्या सुट्टीत मी डबा अर्धा टाकून आत गेलो, तर शामला एकटी मशीनवर. पडद्यावरची नावं भराभर जाऊन राहिली होती. माझ्या फायली. जानेवारीच्या, फेब्रुवारीच्या, ए, बी, सी लावलेल्या. ती मिटवून राहिली होती.

"काय करून राहिली वं?"

ती दचकली, पण उठली नाही. "काका, हे डबल आहेत. असली फायली मी ठेवल्या. हे काढले ना, तर मशीन..."

"कोणाले विचारून?"

"तुम्हाले सांगत होते मी. तुम्ही..."

मी पुढचं ऐकलं नाही. मशीनचं बटणच बंद केलं. तिच्यावर मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की हमाल दारात आले. सव्वीस वर्षांत मी ऑफिसचा एक कागद फाडला नाही, आणि ही पाच महिन्यांचं रेकॉर्ड पुसायला बसली.

२२ जून, बुधवार

शेठला सगळं सांगितलं. खरं तेच सांगितलं, की बाई रेकॉर्ड मिटवताना मी पाहिली. शेठने विचारलं, "क्यों किया?" मी म्हणालो, मला माहीत नाही. ती काय सांगत होती ते मी सांगितलं नाही, कारण ते मला नीट समजलंच नव्हतं. मग पक्कं करायचं का, असं विचारलं. मी म्हणालो, मी तसा शेरा देऊ शकत नाही.

बाहेर आलो तर रुपराव म्हणाला, "या लोकायले डोक्यावर बसवलं का असंच होते, बडे बाबू." मी त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे गेलो. असं बोलू नको, एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

सकाळी मशीन साडेपाच मिनिटांत सुरू झाली होती. आज हवा थंड आहे म्हणून असेल.

२५ जून, शनिवार

शामला गेली. जाताना टेबल पुसलं, बिल्ट्यांचा गठ्ठा नीट लावला. मला म्हणाली, "येते काका." मी रजिस्टरमध्ये डोकं घालून होतो. मान वर करायला जमलं नाही. माझं चुकलं नसताना मला असं का व्हावं, कोण जाणे.

आजपासून दर फाइलच्या पाच कॉप्या काढायचं ठरवलं. ए पासून ई पर्यंत. जानेवारी-फेब्रुवारीच्या उडालेल्या कॉप्याही पुन्हा काढायला घेतल्या. पुन्हा कोणी हात घातला तर निदान काहीतरी शिल्लक राहील.

१८ जुलै, सोमवार

नऊ मिनिटं चाळीस सेकंद. आता मशीनवर मीच बसतो. एका बोटानं टाइप करतो. शामला होती तोवर तासाला वीस बिल्ट्या निघायच्या, आता सात. शेठ काही म्हणत नाहीत, नुसते केबिनच्या काचेतून पाहतात.

२६ जुलै, मंगळवार

साडेअकरा मिनिटं झाली तेव्हा शेठने कॉम्प्युटर देणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांचा इंजिनिअर हेडाऊ आला. तिशीचा माणूस, बोलायला गोड. शेठ बाहेर गेले होते. मी त्याला मदत व्हावी म्हणून ही वही काढली आणि तारखेनुसार सगळी मिनिटं एका कागदावर उतरवून दिली.

त्यानं कागदावरून बोट फिरवलं. "बाकी रोज वाढून राहिलं, फक्त इथंच कमी झालं. एकवीस तारखेले काय केलं होतं तुम्ही?"

मी त्याच्यासाठी चहा मागवला.

त्यानं मशीन चालू केली आणि ती सुरू होईतो चहा प्यायला. मग फायलींची यादी काढली. ती वर वर सरकत राहिली, थांबेचना. तो हसायला लागला. "अरे बाप रे. एकेक दिवस सहा-सहा वेळा. भाऊ, हा प्रोग्राम सकाळी उठला का इथली एकेक फाइल उघडते, एकेक बिल्टी वाचून यादी बनवते. तुमच्याकडे एकच बिल्टी सहादा वाचते अन् पाचदा फेकून देते. उशीर नाही लागणार तर काय? कॉपी फ्लॉपीवर घ्यायची असते, अन् फ्लॉपी कपाटात ठेवायची. मशीनच्या पोटात नाही ठेवायची. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर डिस्क भरून बंद पडली असती."

ती मुलगी हेच सांगत होती. दोनदा सांगत होती.

हेडाऊनं विचारलं, "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "आधी एक बाई होती मशीनवर."

हे मी बोललो. कोणी जबरदस्ती केली नव्हती. शेठ समोर नव्हते, रुपराव नव्हता. एक अनोळखी माणूस होता, तो चहा पिऊन निघून जाणार होता. त्याच्यासमोरसुद्धा मला खरं बोलता आलं नाही. त्यानं जास्तीच्या फायली काढल्या, मशीन दीड मिनिटात सुरू करून दाखवली आणि रिपोर्टवर लिहिलं, 'जुन्या ऑपरेटरच्या चुकीमुळे बिघाड.' खाली माझी सही घेतली. मी सही केली. माझी सही चांगली आहे, सगळे म्हणतात.

२७ जुलै, बुधवार

शेठने रिपोर्ट वाचला. "देखा? आपने ठीक पकडा था," म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला. तो चहा मी प्यायलो.

१ ऑगस्ट, सोमवार

मशीन दीड मिनिटात सुरू होते. रोज सकाळी दीड मिनिट, आणि रोज त्या दीड मिनिटात मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. उशीर होत होता तेव्हाच बरं होतं.

शेठला सांगावं असं रोज ठरवतो. केबिनच्या दारापर्यंत जातो, आणि बिल्टीबुकाचं काहीतरी विचारून परत येतो.

९ ऑगस्ट, मंगळवार

आज शेठच्या केबिनमध्ये सहीसाठी उभा होतो तेव्हा फोन आला. कळमेश्वरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून. शामलानं तिथं अर्ज केला होता आणि आधीच्या नोकरीत आमचं नाव लिहिलं होतं. शेठने समोरचं ऐकलं, मग खण उघडून हेडाऊचा रिपोर्ट काढला आणि फोनवर वाचून दाखवला. "हाँ हाँ, कंपनी के इंजिनिअर ने लिखके दिया है. हमारे बडे बाबू की साइन भी है."

मी दोन हातांच्या अंतरावर होतो. हात पुढे करून फोनचा खटका दाबला असता तरी चाललं असतं. शेठने रिसीव्हर ठेवला आणि माझ्या कागदांवर सह्या केल्या. मी ते घेऊन बाहेर आलो.

घरी इंदूबाईला सगळं सांगितलं. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडे असं पाहिलं. "ते पोरगी तुमाले काका म्हणे ना?" एवढंच बोलली आणि भाकरी थापायला लागली.

१० ऑगस्ट, बुधवार

आज शेठसमोर सगळं बोललो. एका दमात बोललो, कारण थांबलो असतो तर पुढं गेलो नसतो. कॉप्या माझ्या, चूक माझी, खोटं माझं. मला काढून टाका असंही म्हणालो.

शेठ ऐकत होते, मग खुर्चीत मागे टेकून हसले. "छोडो बडे बाबू. मशीन चल रही है ना? इतना दिल पे क्यों लेते हो." मी म्हणालो, कळमेश्वरला फोन करा. ते म्हणाले, एकदा एक सांगितलं, आता दुसरं सांगितलं तर आपल्या ऑफिसची काय इज्जत राहील? आणि तिला परत घ्यायचं म्हणाल तर तीही आता काही येणार नाही.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१४ ऑगस्ट, रविवार

इंदोऱ्याला गेलो. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. शामलाची आई भीमाबाई दारात तांदूळ निवडत होती. मी नाव सांगितलं तशी ती सूप खाली ठेवून उभी राहिली. मला वाटलं दार लावेल. पण तिनं आत बोलावलं, बाज झटकून दिली आणि तांब्याभर पाणी आणलं. मी ते पाणी प्यायलो.

शामला आतून आली. मी खिशातला कागद काढून तिला दिला. रात्रभर बसून स्वच्छ अक्षरात लिहिला होता, सगळं कबूल करून, सही करून. तिनं उभ्यानं वाचला.

"काका, मले तर हे पहिलेच माहीत होतं," ती म्हणाली. "तुमाले सांगून राहिली होती मी."

"हो."

"तुम्ही काहून नाही ऐकलं?"

घरून निघताना मी बरीच उत्तरं तयार केली होती. तिनं विचारल्यावर त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. मी म्हणालो, "तुले जास्त येत होतं म्हणून."

भीमाबाई सुपाकडे पाहत होती. शामलानं कागदाची घडी केली. "कागद वाचून कोणी मानणार नाही. मीच तुमच्याकडून लिहून घेतला म्हणतीन ते. तुम्ही कळमेश्वरले या अन् त्यायच्या तोंडासमोर सांगा. मंगळवारी." मग पुन्हा विचारलं, "यान ना?"

येतो म्हणालो.

१६ ऑगस्ट, मंगळवार

रजा टाकून गेलो. शामला स्टँडवर आधीच येऊन थांबली होती. बसमध्ये ती बायकांच्या बाजूला बसली, मी मागे. कारखान्याचे मॅनेजर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. आम्ही आत गेल्यावर त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसलो आणि सांगायला सुरुवात केली.

काही लपवलं नाही. कॉप्या, तिनं सांगितलेलं न ऐकणं, शेठला जे सांगितलं ते, हेडाऊसमोर खोटं बोलणं, ती सही. मॅनेजरनी पेन खाली ठेवून ऐकलं. माझं संपल्यावर ते उठले आणि टेबलावरून हात पुढं करून माझा हात धरला.

"ढोक साहेब, या वयात इतक्या लांब येऊन आपली चूक कबूल करणारा माणूस मी पाहिला नाही. तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. कधीही या म्हणाले. मग शामलाकडे पाहून म्हणाले, "जागा तर मागच्या गुरुवारीच भरली. पुढं निघाली तर कळवू." एवढं बोलून पुन्हा माझ्याकडे वळले आणि माझं गाव कुठलं ते विचारलं.

मी गाव सांगितलं. का सांगितलं ते कळत नाही. चहा आला, एकच कप.

परत स्टँडवर आलो. नागपूरची बस लागायला वेळ होता. शेडमध्ये शामला सिमेंटच्या बाकावर बसली, मी खांबाजवळ उभा राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हणालो, "मी आणखी कुठं सांगायचं असलं तर सांगीन. तू म्हणशील तिथं येईन. माझ्याकडून जेवढं होतं..."

"काका," ती म्हणाली. रागानं नाही, दमलेल्या माणसाच्या आवाजात. "तिथं एकच खुर्ची होती. नोकरी माही गेली होती. तुम्ही बसले."

मला आठवलं ते. अर्धा तास ती दाराशी फाइल छातीशी धरून उभी होती. मी तिच्यावर झालेला अन्याय सांगत होतो, आणि मान वळवून एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

"तो कागद राहू द्या माझ्याजवळ," ती म्हणाली. "पुढच्या ठिकाणी लागन."

बस आली. ती चढली. आत जागा होती. मी नंतरच्या बसनं आलो.

घरी इंदूबाईनं विचारलं, "झालं का काम?" मी म्हणालो, "नाही झालं." मग तिनं विचारलं, मॅनेजर काय म्हणाले. ते मी सांगितलं नाही.